'ऐकत नाही' म्हणजे नेमके काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहारात गेल्या आठवड्यात एका पालकांनी तक्रार मांडली होती की, हल्लीची चार-पाच वर्षांची मुले काहीही सांगितले तरी ऐकत नाहीत, मोबाइलने त्यांना बिघडवले आहे आणि बालवाड्यांनी आता शिस्तीकडे लक्ष द्यावे. त्या पत्रातला वैताग खरा आहे; तो मी रोज पाहते. परंतु नाशिकमधल्या एका शाळेच्या बालवर्गात ३१ वर्षे शिकवल्यानंतर, आणि सकाळी नातवाला तयार करून रिक्षात बसवण्याचे काम आता माझ्याकडे आल्यानंतर, या तक्रारीचा रोख मुलांकडून थोडा आपल्याकडे, म्हणजे सांगणाऱ्यांकडे वळवावा असे मला वाटते, म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

मराठीत 'ऐकणे' या एकाच क्रियापदाला दोन कामे करावी लागतात. कानावर पडलेले समजून घेणे हेही ऐकणे आणि सांगितल्याप्रमाणे वागणे हेही ऐकणे. 'आजीचं ऐक' असे म्हणताना आपल्याला दुसरा अर्थ हवा असतो. पण ते दुसरे ऐकणे पहिल्यावर उभे असते आणि पहिले झाले की नाही हे आपण बहुधा तपासतच नाही. आवाज पोहोचला का, शब्द कळले का, कळलेले करून होईपर्यंत लक्षात राहिले का, आणि हातातला खेळ सोडून ते करण्याइतका स्वतःवरचा ताबा त्या वयात आला आहे का, यांपैकी कोठेही मूल अडले तरी बाहेरून दिसते ते एकच: मूल जागचे हलत नाही. आपण मात्र दर वेळी एकच निदान करतो, 'हट्टी आहे'.

आमच्या घरातलाच प्रसंग सांगते. नातू साडेचार वर्षांचा, छोट्या गटात जाणारा. सून अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाते आणि तिची कंपनीची बस आठला नाक्यावर येते. पावणेआठच्या सुमाराला स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता, हॉलमध्ये टीव्हीवर बातम्या चालू होत्या आणि खाली रिक्षावाल्या काकांचा दुसरा हॉर्न झाला होता. अशा वेळी तिने चपला पायात सरकवता सरकवता दारातूनच सांगितले, "दूध संपवून, मोजे घालून, डबा दप्तरात टाकून, आजीला अच्छा करून पटकन खाली ये." आणि ती जिना उतरली. तिच्या मागोमाग चिरंजीवही उतरले. एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा, डबा टेबलावर, दूध अर्धे. "एक काम सांगितलेलं ऐकत नाही!" म्हणून पाठीत धपाटा बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले ते धपाट्याने आले नसावे, कारण धपाटा काही जोराचा नव्हता. तो धावत आला होता. 'खाली ये' एवढे त्याला ऐकू आले होते आणि तेवढे त्याने तत्परतेने केले होते.

मराठी वाक्याची घडणच अशी आहे की मुख्य क्रियापद शेवटी येते. 'संपवून', 'घालून', 'टाकून', 'करून' अशी रूपे एकापुढे एक ओवत आपण चार-पाच कामे एका दमात सांगू शकतो. मोठ्या माणसांना त्यात सोय वाटते. लहान मुलाच्या कानात मात्र शेवटचा, आज्ञेचा सूर लागलेला शब्दच घट्ट राहतो आणि आधीची सगळी 'ऊन-ऊन' वाहून जातात. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने बालविकासाचे टप्पे सांगणारा आपला तक्ता २०२२ मध्ये सुधारला. त्यानुसार हातवारे न करता सांगितलेली एक साधी गोष्ट करणे हे दीड वर्षाच्या बहुतेक मुलांना जमते आणि 'खेळणं खाली ठेव आणि दार लाव' अशी दोन पायऱ्यांची सूचना अडीच वर्षांच्या बहुतेक मुलांना जमते. साडेचार वर्षांचे मूल त्याच्या थोडे पुढे असते. पण आवाज, घाई आणि अर्धवट झोप यांच्या गर्दीत पाच क्रिया क्रमाने डोक्यात धरून ठेवणे त्याला झेपत नाही. आपल्यालाही किराणा दुकानात यादीशिवाय गेल्यावर पाचवी वस्तू आठवत नाही, तेव्हा यात नवल नाही.

यावर मी सुनेला सुचवलेला उपाय अगदी साधा आहे. "आधी दूध." पेला रिकामा झाला की "आता मोजे." मोजे झाले की "डबा कुठे जातो?" हे दारातून सांगायचे नाही, जवळ जाऊन, गुडघ्यावर बसून, नाव घेऊन, त्याची नजर आपल्याकडे वळली की मग सांगायचे. आणि सांगून झाल्यावर मनातल्या मनात सावकाश पाच-सहापर्यंत मोजायचे. हे मोजणे सगळ्यात अवघड जाते. मोठी माणसे एकदा सांगतात आणि दुसऱ्याच क्षणी तेच पुन्हा, जरा चढ्या आवाजात सांगतात. मुलाने पहिले वाक्य कुठे समजून घ्यायला सुरुवात केलेली असते, तोवर दुसरे अंगावर येते आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. बालवर्गात नव्याने आलेल्या शिक्षिकांना मी हेच पहिल्या दिवशी सांगत असे: बाई, सांगून झालं की गप्प बसा. वेळ फार लागतो अशी तक्रार सुनेनेही केली. म्हणून मी आठवडाभर घड्याळ लावून पाहिले. चार सुट्या सूचनांना लागणारा वेळ चार वेळा ओरडण्याला लागणाऱ्या वेळापेक्षा कमीच भरला.

'नको' या शब्दाचेही असेच. मराठीत तो शेवटी येतो. "धावू नकोस" यातले 'धाव' आधी कानावर पडते आणि 'नको' मागून येते. वर्गातून मैदानाकडे जाणारी रांग "पळू नका रे" असे ओरडल्याबरोबर नेमकी पळत सुटते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की अखेरीस मी ते वाक्यच सोडून दिले. १९५० च्या दशकात अलेक्झांडर लुरिया या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांच्या हाती रबरी फुगा देऊन काही प्रयोग केले. एका रंगाचा दिवा लागला की फुगा दाबायचा, दुसऱ्या रंगाचा लागला की दाबायचा नाही, एवढाच खेळ. तीनेक वर्षांच्या मुलांना सूचना समजलेली असे, काहींना ती तोंडाने म्हणूनही दाखवता येई, तरी दुसरा दिवा लागला की हात फुगा दाबून मोकळा होई. कळलेल्या शब्दांत हाताला थांबवण्याइतके बळ यायला आणखी एक-दोन वर्षे जावी लागतात. तीन वर्षांच्या मुलाला "कळतंय ना तुला? मग का केलंस?" असे विचारणारे पालक पाहिले की मला तो फुगा आठवतो. "पळू नका" ऐवजी "हळू चाला, मांजरीसारखं" आणि "पाणी सांडू नकोस" ऐवजी "पेला दोन्ही हातांनी धर" असे सांगितले तर मुलाला काय करायचे ते मिळते; नुसत्या 'नको'त ते मिळत नाही. गॅस, वीज, रस्ता अशा ठिकाणी मात्र "थांब!" हा एकच शब्द पुरेसा असावा आणि तो एरवी उगाच वापरून बोथट करू नये.

उपरोधाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण आपल्या घराघरांत तो मुक्तहस्ताने वापरला जातो आणि त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. मुलगा धाकट्या बहिणीला ढकलतो आहे आणि आई म्हणते, "ढकल, अजून ढकल, पाड तिला!" भिंतीवर रेघोट्या ओढणाऱ्याला बाबा म्हणतात, "छान! अजून काढ, सगळी भिंत रंगव!" बोललेल्या शब्दांच्या नेमका उलटा अर्थ घ्यायचा असतो ही समज साधारण पाच-सहा वर्षांपासून हळूहळू येऊ लागते. त्याआधीच्या मुलाला शब्द सांगतात 'कर' आणि चेहरा सांगतो 'करू नको'. काही मुले गोंधळून थांबतात, काही खरोखर भिंत रंगवतात. मग मार बसतो तो नेमका सांगितलेले ऐकल्याबद्दल. तसेच "जरा खेळणी आवरतोस का?" हा आपल्या दृष्टीने आदेश असला तरी त्याच्या दृष्टीने प्रश्न आहे, आणि त्याने "नाही" असे सरळ उत्तर दिले तर त्यात उद्धटपणा नसतो. विचारायचे असेल तर जिथे दोन्ही उत्तरे आपल्याला चालतील तिथेच विचारावे: निळा शर्ट की लाल, आधी दात की आधी अंघोळ.

आता जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो. सूचना न पाळणाऱ्या मुलाच्या कानांची तपासणी आपण सगळ्यात शेवटी करतो, ती सगळ्यात आधी व्हायला हवी. वर्गातली एक मुलगी मला आजही टोचते. साडेतीन वर्षांची, बोलकी, गाण्यांची आवड असलेली. दिवाळीनंतर शाळा सुरू झाली तशी ती 'बिघडली'. हाक मारली की वळत नसे, गोष्टीच्या वेळी चुळबुळ करी, सगळी मुले उठली की त्यांच्याकडे पाहून मग उठे. मी तिला दोन वेळा वेगळे बसवले, हे मला लिहिताना लाज वाटते. एकदा मी फळ्याकडे तोंड करून पाठमोरी बोलत होते तेव्हा ती शेजारणीला विचारताना दिसली, "बाई काय म्हणल्या?" आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आईला डॉक्टरांकडे जायला सांगितले. सर्दीनंतर दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साठले होते.

हा प्रकार बालवाडीच्या वयात फार आढळतो. घशापासून कानापर्यंत जाणारी नळी लहान मुलांत आखूड आणि बरीचशी आडवी असते, त्यामुळे सर्दी-पडशात ती चटकन बंद होते आणि पडद्यामागे द्रव साचतो. कान दुखतोच असे नाही, ताप येतोच असे नाही. मुलाला फक्त बोटे कानात घातल्यावर जसे ऐकू येईल तसे ऐकू येते. कधी बरे, कधी कमी, त्यामुळे घरच्यांना वाटते, 'हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं याला'. बहुतेकदा हे काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत आपोआप ओसरते. पण तीन महिने म्हणजे बालवर्गातले अर्धे सत्र, आणि तेवढ्या काळात त्या मुलावर 'ऐकत नाही' हा शिक्का पक्का बसतो. नाशिकची थंडी कशी असते ते मी नाशिककरांना सांगायला नको. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की माझ्या वर्गात निम्मी नाके वाहत असत. त्या दिवसांत मूल टीव्हीचा आवाज वाढवत असेल, सारखे 'काय?' विचारत असेल, आपला चेहरा दिसत असताना ऐकत असेल आणि पाठमोरे असताना ऐकत नसेल, तर आधी कान तपासून घ्यावेत. घरी एवढे करता येते: मूल खेळात बुडालेले नसताना त्याच्या मागे हातभर अंतरावर उभे राहून कुजबुजत्या आवाजात त्याच्या आवडत्या खाऊचे नाव घ्यावे. दोन-तीन वेळा घेऊनही ते वळले नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. हे निदान नव्हे, पण डॉक्टरकडे जायला पुरेसे कारण आहे.

ऐकू येते, पण भाषा कळत नाही, ही अडचण निराळी, आणि ती आपण पैसे मोजून विकत घेतो. घरी मराठी, मालेगाव-सटाण्याकडून आलेल्या कुटुंबांत अहिराणी, सुरगाणा-पेठकडच्या घरांत कोकणी अशा भाषेत वाढलेले साडेतीन वर्षांचे मूल एका जूनच्या सकाळी 'स्टँड इन अ लाइन', 'ओपन युवर टिफिन', 'कीप युवर बॅग्ज प्रॉपर्ली' अशा वाक्यांसमोर उभे केले जाते. ते शेजारच्याकडे पाहते आणि अर्ध्या क्षणाने तसेच करते. जून-जुलैतले निम्मे 'न ऐकणे' हे असे अर्ध्या क्षणाचे अंतर असते. नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. इंग्रजीला माझा विरोध नाही, माझी स्वतःची मुले इंग्रजीवरच पोट भरतात. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या भाषेत मुलाला रडू येते त्या भाषेत त्याला निदान पहिले वर्षभर तरी सूचना मिळाव्यात.

माझ्या हातून हे सगळे पहिल्यापासून नीट होत होते असा समज कृपया करून घेऊ नये. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी वर्गाच्या आवाजावर आवाज चढवणारीच शिक्षिका होते. एका जानेवारीत घसा असा बसला की शब्द फुटेना, डॉक्टरांनी चार दिवस बोलायला मनाई केली आणि रजा तर शिल्लक नव्हती. देव्हाऱ्यातली छोटी पितळी घंटा पिशवीत टाकून मी वर्गात गेले. घंटा एकदा वाजवायची, हात वर धरायचा, मुले पाहीपर्यंत थांबायचे आणि मग जवळ बोलावून कुजबुजत सांगायचे. बेचाळीस मुले होती. पहिल्या दिवशी गोंधळ झाला. तिसऱ्या दिवशी मुलेच एकमेकांना "शूऽऽ, बाई सांगतायत" म्हणू लागली. आमच्या शाळेतल्या एक ज्येष्ठ बाई हे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे तर माँटेसरीबाईंनी कधीचं करून ठेवलंय."

ते खरेच होते. मारिया माँटेसरी यांनी रोमच्या कामगारवस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी आपले पहिले बालगृह सुरू केले. तिथल्या एका प्रसंगाची हकिकत त्यांनी स्वतःच सांगितली आहे. चार महिन्यांचे एक शांत तान्हे बाळ त्यांनी वर्गात आणले आणि मुलांना विचारले, तुम्हाला हिच्याइतके शांत राहता येईल का? मुलांनी श्वाससुद्धा हळू घेतले. त्यातून शांततेचा खेळ निघाला. सगळे डोळे मिटून निश्चल बसतात, बाई शेजारच्या खोलीत जाऊन एकेकाचे नाव कुजबुजतात, आणि ज्याचे नाव येईल त्याने पावलांचा आवाज न करता उठून यायचे. माँटेसरी १९३९ मध्ये मद्रासला आल्या. पण त्याच्याही आधी, १९२६ मध्ये गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापून हे विचार इकडे रुजवायला सुरुवात केली होती. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला बालवाडी थेट पाड्यांतल्या अंगणात नेली. म्हणजे मुलाने ऐकावे यासाठी काय करावे, हे महाराष्ट्राला परदेशी पुस्तकातून नव्याने शिकण्याची गरज नाही. आपल्याच शेजारच्या जिल्ह्यात ते घडून गेले आहे.

या खेळात आणि "हाताची घडी, तोंडावर बोट" यात फरक आहे, आणि तो आजही अनेक वर्गांत लक्षात घेतला जात नाही. तोंडावर बोट ठेवल्याने तोंड बंद होते. कान उघडतो असा पुरावा मला ३१ वर्षांत मिळाला नाही. शांततेच्या खेळात मुलाला आपले नाव ऐकायचे असते, म्हणून ते शांत बसते.

खेळांचा विषय निघालाच आहे तर सांगते की, ऐकणे आणि स्वतःला थांबवणे या दोन्हींचा सराव आपल्या जुन्या खेळांत शिगोशीग भरलेला आहे. 'तळ्यात-मळ्यात' घ्या. 'मळ्यात' म्हटल्यावर उडी, पुन्हा 'मळ्यात' म्हटल्यावर जागचे हलायचे नाही. उडायला निघालेला पाय जागीच रोखायचा, म्हणजे लुरियांच्या फुग्याचाच धडा. 'शिवाजी म्हणतो' मध्ये हुकूम शिवाजीचा असेल तरच पाळायचा. 'चिमणी भुर्र, कावळा भुर्र, म्हैस भुर्र' यात म्हशीला बोट उचलले की आउट. अमेरिकेतील ओरेगॉन राज्य विद्यापीठातल्या मेगन मॅक्लेलँड आणि त्यांचे सहकारी मुलांचा आत्मसंयम मोजण्यासाठी जी चाचणी वापरतात, तिच्यात 'डोक्याला हात लावा' म्हटले की पायाची बोटे धरायची आणि 'पायाची बोटे धरा' म्हटले की डोक्याला हात लावायचा असतो. आमच्या गल्लीत, रविवार कारंजाच्या मागे, आम्ही हे उलटसुलट हुकूम संध्याकाळच्या दिव्यापर्यंत खेळत असू आणि त्याला चाचणी म्हणतात हे कोणाला ठाऊक नव्हते. आता जागा नाही म्हणावे तर तळ्यात-मळ्यातला खडूची एक रेघ लागते. ती पार्किंगमध्येही ओढता येते. नातवासोबत मी रोज दहा मिनिटे खेळते. तो हुकूम देतो तेव्हा मी मुद्दाम चुकते, आणि "आजी, नीट ऐक ना!" हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकताना माझी करमणूक होते.

मोबाइलबद्दल मूळ पत्रलेखकांशी माझे फारसे दुमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितले आहे की दोन ते चार वर्षांच्या मुलांना पडद्यासमोर दिवसाला एका तासापेक्षा जास्त वेळ नसावा आणि त्याहून लहानांना तो नसावाच. तीन-चार वर्षांच्या मुलाला दहा ते तेरा तास झोप हवी, असेही त्याच मार्गदर्शनात आहे. झोपेचा भाग आपण वाचतच नाही. रात्री साडेअकराला निजवलेले मूल सकाळी सातला ऐकेल अशी अपेक्षा ठेवणे चुकीचे आहे. आणि मोबाइल काढून घेताना तो एकदम हिसकावू नये. 'हे गाणं संपलं की बंद' असे आधी सांगावे, मग गाणे संपल्यावर तो खरोखर बंद करावा.

'खरोखर' हा शब्द धमक्यांच्या बाबतीत मात्र उलटा लागू पडतो. "पोलीसकाका घेऊन जातील", "डॉक्टर सुई टोचतील", "इथेच गंगेवर सोडून जाईन" ही वाक्ये रामकुंडाच्या पायऱ्यांवर, बुधवारच्या बाजारात आणि दवाखान्यांच्या बाकांवर मी इतकी ऐकली आहेत की ती आता शहराच्या आवाजातच मिसळून गेली आहेत. त्यातली एकही खरी करायची नसते. मूल आठ-दहा वेळांत ते ओळखते आणि मग आपले कुठलेच वाक्य खरे धरत नाही. त्याहून गंभीर भाग असा: २०२७ मध्ये सिंहस्थाच्या पर्वण्यांना गोदाघाटावर लाखोंची गर्दी असेल. त्या गर्दीत हात सुटलेल्या मुलाने समोर दिसणाऱ्या खाकी वर्दीकडे धावत जायला हवे. ज्याला चार वर्षे पोलिसाची भीती घातली आहे, ते मूल तिथून लपेल. म्हणून नाशिकच्या पालकांनी आत्तापासून मुलांना एकच सूचना, एका वाक्यात, वारंवार आणि शांतपणे द्यावी: "हरवलास तर पोलीसकाकांकडे जा." आणि ती त्याच्याकडून म्हणवून घ्यावी, जमल्यास चौकातल्या एखाद्या पोलिसाशी दोन शब्द बोलायला लावावे. आम्ही मुंबई नाक्यावर हे केले. शिपाईदादांनी नातवाला शिट्टी वाजवू दिली, त्यामुळे आता तो रस्त्यात दिसेल त्या प्रत्येक पोलिसाकडे ओढत नेतो, हा एक नवा त्रास झाला आहे, पण तो मी आनंदाने सोसते.

मूळ पत्रातली मागणी होती की बालवाड्यांनी शिस्त लावावी. माझी मागणी थोडी वेगळी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली, जो २०१३ मध्ये सुरू झाला, अंगणवाड्यांतील मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा आरोग्य तपासणी करण्याची तरतूद आहे, आणि तीत कानांचाही समावेश आहे. गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत गल्लोगल्ली असलेल्या खासगी बालवाड्यांतील मुले या तरतुदीत येत नाहीत. तिथे गणवेशाची, स्नेहसंमेलनाची आणि सहलीची फी आकारली जाते. त्याच पावतीत वर्षातून एकदा, थंडी ओसरल्यावर, कानतपासणीचा खर्च घालायला कोणत्याही पालकाची हरकत असेल असे मला वाटत नाही. शहरात कान-नाक-घसा तज्ज्ञांची वाण नाही. आपल्या दैनिकाने शहरातल्या बालवाड्यांना हा एक प्रश्न विचारून त्यांची उत्तरे छापावीत, अशी माझी विनंती आहे: गेल्या वर्षी आपल्याकडच्या किती मुलांचे कान तपासले गेले?

आपली विश्वासू,
एक निवृत्त बालवर्ग शिक्षिका,
इंदिरानगर, नाशिक